वादळ, बंद दार आणि अनोळखी इसम

रहस्यकथा वाचून संपल्यावर, आणि विशेषतः ती पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री वाचून संपल्यावर, सामान्य वाचक एक प्रश्न हटकून विचारतो: वादळापायी एकाच छपराखाली अडकून पडलेली, एकमेकांना मुळीच न ओळखणारी माणसे खरोखरच अशी एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात काय, की हा सगळा लेखकाच्या कारखान्यातला माल आहे? प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी भीती म्हणजे काय, माणसाला सोबत कशासाठी लागते आणि अफवा कोठून जन्म घेते या तीन गोष्टींचा उलगडा एकामागून एक करून घ्यावा लागतो, आणि तो नुसत्या व्याख्यांनी होत नाही. म्हणून प्रथम एक प्रसंग रचून घेऊ.

१. संग्रामपूरच्या रस्त्यावरची एक कल्पित रात्र

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्यप्रदेशाच्या सरहद्दीला लागून संग्रामपूर हा तालुका आहे. वर डोंगरात अंबाबरव्याचे अभयारण्य आणि खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, कपाशीची वावरे अशी या मुलखाची ठेवण असल्यामुळे, डोंगरात कोसळलेला पाऊस खालच्या नाल्यांतून एकाएकी उतरतो, आणि गावात फारसा पाऊस नसतानाही गावाबाहेरचा पूल पाण्याखाली जाऊ शकतो. पांदण रस्त्याची गोष्टच नको, तेथे बैलाचा पाय पोटरीपर्यंत रुततो. जुलै २०२३ मध्ये या तालुक्यात आणि शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात अतिवृष्टी होऊन नदीनाल्यांना जे पूर आले, त्यांची आठवण तेथे अद्याप ताजी आहे. येथल्या माणसाला आभाळाचे दोन कारभार ठाऊक असतात. एक उन्हाळ्याच्या अखेरीचे वादळ, जे धुळीचे लोट उठवीत येते, पत्रे उडविते, झाडे मोडते आणि तासा-दीड तासात आपला मुक्काम हलविते. आणि दुसरी झड, जी एकदा लागली की दोन-दोन दिवस उघडीप देत नाही. रहस्यकथेच्या लेखकाला केवळ वादळ पुरत नाही, कारण तासाभरात संशयाला अंकुर फुटत नाही. त्याला वादळाने दार बंद करून हवे असते आणि झडीने ते बंदच ठेवून हवे असते.

तर कल्पना अशी करा की, वरवट बकालच्या अलीकडे नाल्याला पूर येऊन एस.टी. थांबली आहे, बहुतेक उतारू मिळेल त्या वाटेने मागे फिरले आहेत, आणि रस्त्यालगतच्या एका बंद पडलेल्या कापूस-जिनाच्या चौकीदाराच्या खोलीत पाच माणसे शिरली आहेत. पहिला स्वतः चौकीदार. दुसरा एक अडत्या, ज्याच्याजवळ कापडी पिशवी आहे आणि जो ती मांडीवरून खाली ठेवताना दर वेळी भिंतीकडच्या बाजूला ठेवतो. तिसरी सोनाळ्याची एक आजी, शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला निघालेली. चौथी प्राथमिक आरोग्य केंद्रातली एक तरुण परिचारिका. पाचवा इसम सर्वांच्या मागून आला; तो नखशिखान्त भिजलेला आहे, त्याच्या सदऱ्याची डावी बाही फाटली आहे, आणि आल्यापासून त्याने कोणाकडे नजर वर करून पाहिलेले नाही.

वऱ्हाडात अनोळखी माणूस फार वेळ अनोळखी राहू शकत नाही, ही येथल्या रहस्यलेखकाची मोठीच अडचण आहे. लोक नाव विचारीत नाहीत, गाव विचारतात. गाव कळले की त्या गावातला एखादा मावसभाऊ, एखादी दिलेली लेक, एखादा जुना व्यवहार निघतो, आणि पाव घटकेत सोयरीक जुळून परकेपणाचा निकाल लागतो. त्याप्रमाणे आजीने विचारलेच, "कोन्या गावचा रे बाप्पा तू?" इसम म्हणाला, "सोनाळ्याचा." आजी गप्प बसली. तिचा जन्म सोनाळ्यात गेला होता आणि हा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. इतक्यात वीज गेली. चौकीदाराने चाचपडत कंदील लावला. आणि त्या उजेडात अडत्याला दिसले की आपली पिशवी ठेवल्या जागेवरून वीतभर सरकली आहे.

येथे थांबू. चोरी झालेली नाही. कोणाला इजा झालेली नाही. सोनाळा काही चार घरांचा पाडा नव्हे, तेव्हा आजीने सगळे चेहरे पाहिलेले असतील असेही नाही. तरीसुद्धा या क्षणी त्या खोलीतली चार माणसे पाचव्याकडे पाहात आहेत. का?

२. भय आधी, कारण मागाहून

आपली सर्वसाधारण समजूत अशी की, आधी भीतीचे कारण उपस्थित होते आणि मग भीती वाटते. साप दिसतो, म्हणून छाती धडधडते. पुष्कळदा हे खरेच असते. परंतु कित्येक वेळा क्रम उलटा असतो, आणि तो उलटा असतो हे दाखविणारी एक अत्यंत बोलकी साक्ष आपल्याच देशातली आहे.

१५ जानेवारी १९३४ रोजी उत्तर बिहारात प्रचंड भूकंप झाला आणि त्यात दहा हजारांहून अधिक माणसे मेली. त्या वेळी जमुना प्रसाद नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक विलक्षण काम केले: धक्का ज्यांना चांगला जाणवला होता, परंतु ज्यांच्या भोवती प्रत्यक्ष पडझड व प्राणहानी झालेली नव्हती, अशा लोकांत पसरलेल्या अफवा त्यांनी टिपून ठेवल्या आणि १९३५ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या अफवांत गंगेचे पाणी क्षणभर नाहीसे होऊन स्नान करणारे लोक वाळूत रुतल्याची हकीकत होती; लवकरच भयंकर चक्रीवादळ येणार असल्याची इत्तिला होती; येत्या चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप होणार असल्याची जणू सरकारी जाहीरनाम्याइतक्या निश्चयाने सांगितलेली तारीख होती. येथे वाचकाने जरा चमकले पाहिजे. जो माणूस आधीच घाबरलेला आहे त्याने धीर देणाऱ्या बातम्या पसरवाव्यात असे वाटते; हे लोक आणखी घाबरविणाऱ्या बातम्या का पसरवीत होते?

लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात प्रसादांच्या या सामग्रीचा आधार घेतला आणि त्या कोड्याचा उलगडा असा केला: या लोकांच्या अंगात भीती तर शिरली होती, परंतु भोवताली पाहावे तर घरे उभी, माणसे धडधाकट. भीती आहे आणि तिला शोभेसे कारण नाही, ही विसंगती मनाला सोसवत नाही. म्हणून मन भीतीच्या मापाचे कारण तयार करते. येणारे चक्रीवादळ हे असे बेतून शिवलेले कारण होते. जेथे घरे खरोखर कोसळली होती तेथे अशा कारणाची जरूरच नव्हती.

आता जिनाच्या खोलीकडे वळा. वारा छपराचे पत्रे उचलून आपटतो आहे, नाल्याचा आवाज वाढतो आहे, अंधार आहे. पाचही माणसांची छाती आधीच धडधडते आहे. परंतु वादळ हे भीतीचे फार विस्कळीत कारण आहे. त्याला चेहरा नाही, त्याची जबानी घेता येत नाही, त्याला कोंडून ठेवता येत नाही. फाटक्या बाहीच्या इसमाला चेहरा आहे. म्हणून वादळाने निर्माण केलेली भीती त्याच्या नावे जमा होते. त्या चार जणांना आपण हे करीत आहोत याची जाणीवही नसते. त्यांना वाटते की, आम्ही नुसते पाहात आहोत.

३. सोबत कोणाची हवी?

भीती वाटली की माणूस माणसाकडे सरकतो, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. पण स्टॅनले शाख्टर या मानसशास्त्रज्ञाने ही गोष्ट मोजून पाहिली. त्याच्या १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत काही विद्यार्थिनींना, तुम्हांला विजेचे वेदनादायक धक्के दिले जातील, असे गंभीर मुद्रेने सांगण्यात आले, तर दुसऱ्या गटाला, धक्के अगदी सौम्य, गुदगुल्यांसारखे असतील, असे. आणि मग विचारण्यात आले की, यंत्र सज्ज होईपर्यंत एकटे बसायचे की इतरांबरोबर? घाबरविलेल्या गटात सुमारे ६३ टक्के मुलींनी सोबत मागितली, तर निर्धास्त गटात सुमारे ३३ टक्क्यांनी. धक्का अर्थात कोणालाच द्यायचा नव्हता.

याहून महत्त्वाचा भाग पुढचा आहे. घाबरलेल्या मुलींना जेव्हा, त्याच प्रयोगाची वाट पाहणाऱ्या मुलींबरोबर बसता की अन्य कामासाठी थांबलेल्या मुलींबरोबर, असे विचारले, तेव्हा त्यांनी दुसरी सोबत नाकारली. त्यांना आपल्याच नावेत बसलेली माणसे हवी होती. याचे कारण असे दिसते की, माणूस सोबत केवळ उबेसाठी शोधत नाही. आपल्याला वाटते आहे तेवढे घाबरण्यासारखे खरोखर आहे काय, हे तो दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचू पाहतो. आणि म्हणूनच ज्याचा चेहरा वाचता येत नाही असा सोबती एकटेपणापेक्षाही जड होतो.

४. गप्प चेहऱ्यांचा धोका

चेहऱ्यावर वाचण्याची ही सवय दगाही देते. १९६८ साली लाताने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थी खोलीत बसून छापील प्रश्नावली भरीत असता भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडण्यात येई. खोलीत एकटाच असलेल्या विद्यार्थ्यांपैकी ७५ टक्क्यांनी बाहेर जाऊन इत्तिला दिली. परंतु सोबत आधीच पढवून ठेवलेली, धुराकडे एकदा पाहून खांदे उडविणारी आणि पुन्हा लिहू लागणारी दोन माणसे बसविली, तेव्हा दहांपैकी एकच विद्यार्थी उठला; बाकीचे डोळे चोळीत, धूर हाताने बाजूला सारीत, प्रश्नावली भरीत राहिले!

आपल्या खोलीला हे नेमके लागू पडते. आजीला संशय आला आहे, पण ती बोलत नाही. अडत्याने पिशवी पाहिली आहे, पण तो बोलत नाही. परिचारिका त्या दोघांचे चेहरे पाहून, हे लोक काहीतरी जाणून आहेत, असे समजते आहे आणि तीही बोलत नाही. एकाचे मौन दुसऱ्याला पुरावा वाटते आहे. पिशवी सरकली हे मोठ्याने कोणी म्हटले असते, तर दोन मिनिटांत पंचनामा होऊन प्रकरण मिटले असते.

५. लेखक काय करतो

आता लेखकाच्या कारखान्याकडे येऊ. या प्रकारच्या कथेचा जगन्मान्य नमुना म्हणजे अगाथा ख्रिस्तीचे 'द माऊसट्रॅप' हे नाटक. १९४७ साली राणी मेरीच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त लिहिलेल्या छोट्या नभोनाट्यातून ते वाढले, २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनमध्ये त्याचा प्रयोग सुरू झाला, आणि मार्च २०२० मध्ये महासाथीने नाट्यगृहांना टाळे लावीपर्यंत ते लंडनच्या रंगभूमीवर चालत राहिले. हिमवादळाने वेढलेले एक अतिथिगृह, त्यात परस्परांना अपरिचित पाहुणे, आणि तुटलेली दूरध्वनीची तार, एवढेच त्याचे भांडवल. गुन्हेगार कोण हे बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रयोगाच्या अखेरीस प्रेक्षकांना करण्याची प्रथा आहे, तेव्हा येथेही ती पाळलेली बरी. आपल्याकडे राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'गुमनाम' (१९६५) या हिंदी चित्रपटात हीच कल्पना निर्जन बेटावर नेलेली आहे. तीही मुळात ख्रिस्तीच्याच एका कादंबरीच्या वळणावर. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला मात्र धावपळ, वेषांतर आणि पाठलाग यांची गोडी अधिक. एका खोलीत बसून घाम फोडणारी कथा आपल्याकडे त्या मानाने विरळा. मला यात उणेपणा वाटत नाही. जेथे गाव विचारल्यावाचून पाणीही देत नाहीत तेथे परकेपणा टिकविणे खरोखरच कठीण आहे.

लेखक तीन ठिकाणी हात फिरवितो. पहिल्याने तो दार बंद करतो. दुसऱ्याने तो माहिती अर्धी ठेवतो. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली अफवेविषयी जो नियम मांडला तो येथे जसाच्या तसा लागतो. त्यांच्या मते अफवेचा जोर म्हणजे विषयाचे महत्त्व आणि माहितीतली संदिग्धता यांचा गुणाकार, बेरीज नव्हे. पिशवीत केवळ चिवडा असता, तर महत्त्व शून्य म्हणून गुणाकार शून्य. पिशवीत रोकड आहे, पण सरकविताना सर्वांनी पाहिले असते, तर संदिग्धता शून्य, म्हणून पुन्हा शून्य. रोकड आहे आणि अंधार होता, म्हणून संशयाला आकार येतो. आणि तिसऱ्याने लेखक वाचकाला पात्रांपेक्षा थोडे अधिक सांगतो. आल्फ्रेड हिचकॉक हा चित्रपट-दिग्दर्शक हे मेजाखाली दडविलेल्या बॉम्बच्या दृष्टांताने समजावून देत असे: बॉम्ब एकाएकी फुटला तर प्रेक्षकाला क्षणभराचा धक्का, तो मेजाखाली आहे हे प्रेक्षकाला आधी कळले आणि मेजाशी बसलेली माणसे हवापाण्याच्या गप्पा मारीत राहिली, तर तीच साधी संभाषणे असह्य होतात. चुलीवर दूध वर येताना आपल्याला माजघरातून दिसते आहे आणि चुलीपाशी बसलेली सूनबाई पाठमोरी भाकरी थापते आहे, अशा वेळी जी घालमेल होते, ती हीच. आपल्या प्रसंगात इसम खोटे बोलला असावा हा संशय फक्त आजीला आणि वाचकाला आहे, म्हणून परिचारिका त्याला भाबडेपणाने विचारते, "दादा, हात दाखवा, लागलंय का?" आणि एवढ्या साध्या प्रश्नाने वाचक सावरून बसतो.

६. खऱ्या पुरात काय घडते

आणि तरीही खऱ्या संकटाची दप्तरे उघडली म्हणजे चित्र निराळे निघते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सुरू झालेल्या पावसाची सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर इतकी नोंद झाली, तर त्याच शहराच्या कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर. उत्तरेत काय चालले आहे हे दक्षिणेला ठाऊक नव्हते. लोकलगाड्या थांबल्या, वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. म्हणजे रहस्यकथेची सगळी सामग्री एका वेळी जमली होती: बंद वाटा, अंधार, अर्धी माहिती आणि लाखो अनोळखी माणसे. त्या रात्री लोक कचेऱ्यांत, बसगाड्यांच्या वरच्या मजल्यांवर आणि परक्यांच्या घरांत झोपले. गळ्याइतक्या पाण्यात हातांची साखळी धरून चालले. रस्त्यालगतच्या वस्त्यांतून चहा आणि बिस्किटे आली. संकटाचा अभ्यास करणाऱ्यांना यात नवल वाटत नाही. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी गाड्यांत स्फोट झाले, त्यातून वाचलेल्यांच्या हकीकती जॉन ड्रुरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गोळा केल्या, तेव्हा हेच आढळले: आपल्या सर्वांवर एकच संकट आहे, असे जाणवताच त्या उतारूंना परस्परांविषयी एकजूट वाटू लागली, आणि पायाखाली तुडविण्यापेक्षा हात देण्याचीच उदाहरणे पुष्कळ अधिक निघाली.

परंतु त्याच मुंबईत, दोनच दिवसांनी, २८ जुलैच्या रात्री, जुहूच्या बाजूच्या नेहरूनगर वस्तीत पाण्याचा लोंढा येत असल्याची अफवा उठली. कोणी म्हणाले धरण फुटले, कोणी म्हणाले त्सुनामी. अंधारात, अरुंद गल्ल्यांतून चेंगराचेंगरी झाली आणि त्यात पंधरांहून अधिक माणसे, कित्येक लहान मुलांसह, प्राणास मुकली. पाणी आलेच नव्हते. बिहारच्या भूकंपातल्या चक्रीवादळाचे हे सख्खे भावंड.

याच्या शेजारी २७ जुलै २०१९ ची हकीकत ठेवावी. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडीत सुमारे १,०५० उतारू होते, त्यांत काही गरोदर स्त्रियाही होत्या, आणि बाहेर दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. रेल्वेने, गाडी हीच सुरक्षित जागा आहे, खाली उतरू नका, असे वारंवार कळविले. पुढे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या आणि नौदलाच्या बोटी आल्या आणि दुपारपर्यंत सर्व उतारू सुखरूप बाहेर निघाले. डबा तसाच बंद होता, रात्र तशीच होती, माणसे तशीच परकी होती. परंतु काय करायचे हे सांगणारा एक विश्वासाचा आवाज होता.

जिनाच्या खोलीचा निकाल वाचकाला देणे लागतो. वीज गेली तेव्हा छपरातून पाणी ठिबकू लागले आणि आजीने हाताला लागलेली वस्तू ओल्यातून आत सारली; ती अडत्याची पिशवी होती. इसमाच्या बापाने त्याच अडत्याकडून हंगामाआधी उचल घेतली होती आणि ती फिटलेली नव्हती. अडत्याचा चेहरा ओळखून त्याने आपले गाव लपविले. मध्यरात्री एक पत्रा सुटला तेव्हा दोरी धरायला चौकीदाराच्या बरोबरीने पहिला तोच उठला. रहस्यकथेला हा शेवट चालणार नाही, आणि तिने तो पत्करूही नये. तिचे काम घाबरविण्याचे आहे.

संग्रामपूर असो की मुंबई, पुरात अडकलेल्या वाचकाने मात्र दोन गोष्टी कराव्यात. बरोबरच्या माणसाला त्याचे गाव विचारावे आणि आपले खरे सांगावे. आणि कोणी धरण फुटल्याची बातमी आणली, किंवा हल्ली येते तशी मोबाईलवर पुढे ढकललेली आली, तर ती पुढच्याला देण्यापूर्वी, हे कोणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे काय, एवढे विचारून तहसील कचेरीच्या नियंत्रण कक्षाकडून खात्री करून घ्यावी.